तिथं कोण विचारतंय

सेजलनं गोणीत हात घातला तेव्हा आतले शेंगदाणे कोमट लागले. ऑगस्टचा पाऊस पडत होता, गोदामातला पत्रासुद्धा गार होता, आणि शेंगदाणे मात्र आजारी माणसाच्या अंगासारखे गरम. तिनं मूठभर बाहेर काढून वास घेतला. तिला पुढं काही तपासायची गरज नव्हती, तरी तिनं नमुने घेतले, कारण तेच तिचं काम होतं. गोव्यात, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात ती केमिस्ट होती.

कारखाना एकच वस्तू बनवायचा. शेंगदाणे भाजून, दळून, त्यात दुधाची पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं मिसळून घट्ट गोड लगदा करायचा आणि तो बोटभर लांबीच्या पाकिटांत भरायचा. उपासमारीनं वाळलेल्या मुलांचं ते औषधही आणि जेवणही. चूल नको, पाणी नको. कोपरा फाडायचा आणि मुलाच्या तोंडात पिळायचं. चालू ऑर्डर आफ्रिकेतल्या चाड देशाची होती. सुदानमधल्या लढाईतून जीव घेऊन पळालेली लाखो माणसं सीमा ओलांडून तिथं झोपड्या बांधून राहिली होती, आणि एक परदेशी मदतसंस्था त्यांच्या मुलांसाठी ही पाकिटं घेत होती.

शेंगदाणे बेळगावकडून आले होते. चोर्ल्याच्या घाटात दरड कोसळली आणि कारखान्याचे ट्रक पावसात वाटेतच अडकून पडले. ताडपत्री फाटलेली होती. कुणी बदलली नाही. माल आला तेव्हा वरच्या गोण्या पुसून तशाच थप्पीला लावल्या गेल्या. सेजल तेव्हा रजेवर होती. आली तोवर थप्पीच्या आत बुरशी धरली होती.

नमुन्यांत बुरशीचं विष निघालं, मर्यादेच्या कितीतरी पट. अफ्लाटॉक्सिन. ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला फारसं कळत नाही, भाजून पुरतं जात नाही. धडधाकट माणसाचं यकृतही ते हळूहळू खातं. ज्या पोराच्या अंगात हाडांखेरीज काही उरलेलं नाही, त्याचं काय होईल, हे सांगायला शिक्षण लागत नाही.

ती मालकाच्या केबिनमध्ये गेली. गौरेश पन्नाशीचा, शांत बोलणारा माणूस. त्याच्या घराण्याची पूर्वी खाणींवर यंत्रं चालायची. खाणी बंद पडल्यावर त्यानं हा कारखाना घातला. सेजलच्या वडिलांना तो चांगला ओळखत होता. त्यानं तिला बसवलं, चहा मागवला आणि तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की ओला माल चांगल्या मालात मिसळून टाकू, सरासरी मर्यादेत येईल. सेजलनं सांगितलं की बुरशी सारखी पसरत नाही, कुठल्या तरी एका पाकिटात सगळंच जाईल. तेव्हा त्यानं खिडकीबाहेर बघितलं. वास्कोहून जाणाऱ्या जहाजावर कंटेनरची जागा धरलेली आहे, ती गेली की ऑर्डर गेली, ऑर्डर गेली की दोडामार्गहून रोज बसनं शेंगदाणे निवडायला येणाऱ्या ह्या बायका घरी बसल्या, हे तो एकेक करून तिला समजावत राहिला.

“सर, ते लहान मुलांचं खाणं आहे,” सेजल म्हणाली.

“मला माहीत आहे. म्हणूनच म्हणतो. तिथं रोज मुलं मरताहेत, सेजल. आपण महिनाभर थांबलो तर त्या महिन्यात मरतील त्यांचं काय? पोटात काहीच नसण्यापेक्षा हे बरं. आणि तिथं कोण विचारतंय?”

शेवटचं वाक्य तो अगदी सहज बोलला. बशीत चहा सांडला तर माणूस पुसून टाकतो तसं. सेजलला त्या वाक्याची चीड आलीच, पण त्याहून जास्त चीड आली ती पहिल्या वाक्यांची. मुलांच्या भुकेची ढाल करून तो त्या ढालीआडून विष पाठवत होता. ती उठली. चहा तसाच राहिला.

आदल्या हिवाळ्यात त्या संस्थेचं एक पथक कारखाना बघायला आलं होतं. त्यात आमना नावाची चाडमधली नर्स होती, उंच, सावळी, मोडकं इंग्रजी बोलणारी. निवडणीच्या टेबलापाशी ती बराच वेळ उभी राहिली आणि तिनं बायकांना विचारलं, ही पाकिटं कुठं जातात ठाऊक आहे का. मग तिनं सांगितलं आणि सेजलनं ते मराठीत करून दिलं. मुलाला आणतात तेव्हा ते रडतही नाही; रडायला ताकद लागते. पाकीट सुरू केल्यावर काही दिवसांनी एका सकाळी ते रडतं, आणि तंबूतल्या सगळ्या बाया हसतात. टेबलावरची सगळ्यात वयस्क बाई, शेवंती, सासोलीहून येणारी, तिनं मध्येच विचारलं होतं, “आनी पोराच्या आवशीक काय देतत?” सेजलनं आमनाला ते इंग्रजीत सांगितलं. आईला काही नाही, ती म्हणाली, हे फक्त मुलांसाठी. आया पाकिटाच्या आतून बोट फिरवून चाटतात. त्यानंतर शेवंतीनं शेंगदाणे निवडताना गप्पा मारणाऱ्या पोरींना दटावायला सुरुवात केली होती. आमनाचा नंबर सेजलच्या फोनमध्ये होता. सणासुदीला दोघी एकमेकींना फोटो पाठवत.

सेजलनं आधी सरळ वाटेनं जाऊन बघितलं. संस्थेच्या मुंबईच्या एजंटला फोन केला. तो म्हणाला, हा तुमच्या कंपनीचा अंतर्गत विषय आहे, माल निघण्यापूर्वी तपासनीस येणारच आहे, त्याच्यापुढं मांडा. तिनं परदेशातल्या मुख्य कार्यालयाला मेल लिहिली. लगेच उत्तर आलं, मशीननं पाठवलेलं: आपला संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

तपासनीस आला. गौरेशनं पुढच्या रांगेत जुना, चांगला माल लावून ठेवला होता. तपासनिसानं पुढच्या रांगेतूनच नमुने काढले. सेजल त्याच्याजवळ जाऊन म्हणाली की मागची थप्पी बघा, ती खराब आहे. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग गौरेशकडे. गौरेश हसून म्हणाला की मागचा माल ह्या ऑर्डरचा नाहीच. तपासनिसानं मान डोलावली. तिथून दोघं गाडीनं मोरजीला गेले, समुद्रकाठच्या हॉटेलात जेवायला. संध्याकाळी ड्रायव्हर अनंत सेजलला सांगत होता की तपासनीस साहेबांना किंग फिश फार आवडला, दोनदा मागवला.

त्या रात्री जेवताना तिनं घरी सगळं सांगितलं. वडिलांचं, गोकुळदासांचं, डिचोलीच्या बाजारात किराणा दुकान होतं, आजोबांनी घातलेलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि नोकरी सोड म्हणाले. मोठ्यांशी भांडून हाती काही लागत नाही, गौरेशच्या वडलांनी आपल्याला अडचणीत आधार दिला होता, आपण गप बाजूला व्हावं.

“मी बाजूला झाले की माल जायचा थांबेल का, बाबा?”

“ते त्याचं पाप.”

“तुम्ही हे शेंगदाणे दुकानात विकाल?”

गोकुळदासांना राग आला. “कसला प्रश्न हा? कीड लागलेली डाळसुद्धा मी गिऱ्हाइकाला दिलेली नाही कधी.”

“का नाही दिली?”

“का म्हणजे? गावची माणसं. सकाळ-संध्याकाळ त्यांना तोंड दाखवायचं असतं.”

“म्हणजे तोंड दाखवायचं नसलं की चालतं.”

आईनं ताटात भात वाढता वाढता हात थांबवला. गोकुळदासांनी ताटाला नमस्कार केला आणि अर्ध्या जेवणावरून उठले. सेजलला त्यांची दया आली नाही. तिला वाटलं, इतकी साधी गोष्ट आहे आणि इतकी चांगली माणसं तिला वळसा घालून जातात.

सकाळी पाववाला पोदेर गोल उंडे घेऊन दारात आला, त्याच्या भोंग्याच्या आवाजानं ती उठली. चहाबरोबर उंडा खायला घेतला आणि तसाच ठेवला. आज ओली थप्पी भट्टीवर जाणार होती.

कारखान्यात पोचली तेव्हा दोडामार्गची बस नुकतीच येऊन गेली होती. बायका डोक्याला टोप्या बांधत होत्या. सेजल निवडणीच्या टेबलाजवळ गेली आणि तिनं त्यांना सांगून टाकलं: मागची थप्पी विषारी आहे, मालकाला माहीत आहे, तपासनिसाला कळून घ्यायचं नाही, आणि मी ती भट्टीवर जाऊ देणार नाही.

मग शेवंती पुढं आली.

“जावक दिवचंय नाय म्हणजे काय करतलंस?”

“फिनेल ओतणार त्याच्यावर.”

“आनी मगे? माल नाय तर काम नाय. तुझ्या बापाशीचा दुकान आसा. आमका खावक कोण घालतलो?”

शेवंतीचा नवरा खाणीवरच्या ट्रकवर होता. खाण बंद पडल्यापासून त्याला मिळेल ते काम. सुनेचं बाळंतपण तोंडावर आलेलं. सेजलला हे सगळं माहीत होतं, आणि तरी तिच्या तोंडून कडक शब्द गेले. ती म्हणाली, मग तुझ्या हातानं निवडून दे ते, आणि आमनाला सांग की मीच दिलं. शेवंतीचा चेहरा लाल झाला. तिनं हातातला रुमाल टेबलावर आपटला.

“माका शिकवू नको. माझी दोन पोरां गेली, तुझ्या जन्माच्या आदी. दुदाक पाणी घालून पाजलंय मी.”

ती वळून गोदामाकडे चालू लागली. बाकीच्या तिच्याकडे बघत राहिल्या. गोदामाच्या दारातून ती ओरडली नाही, नेहमी कामं सांगते तशा आवाजात म्हणाली, “चांगलो माल आदी भायर काडा. ताका वास लागता कामा नये.”

मग त्या सगळ्या हलल्या. पुढच्या रांगेतल्या चांगल्या गोण्या त्यांनी ढकलगाडीवर घालून दुसऱ्या टोकाच्या खोलीत नेल्या आणि दार लावून घेतलं. त्यात खुशी नव्हती, शौर्यही नव्हतं. घरातली बाई पूर आल्यावर धान्य वर चढवते तशा त्या काम करत होत्या, रागानं, भराभर. सगळं झाल्यावर शेवंती सेजलला म्हणाली, “आता कर काय ता. आमी ह्याच्यात नाय.” आणि बायका परत टेबलाजवळ जाऊन बसल्या.

फरशी पुसायचं फिनेल मोठ्या कॅनमध्ये येत असे. सेजलनं कॅन ओढत आणले. वरच्या गोण्यांवर चढली, सुतळी कापली आणि ओतत गेली. पांढरा फेस शेंगदाण्यांत झिरपत होता. वासानं डोळ्यांतून पाणी येत होतं. इतके दिवस जे तिला गिळावं लागलं होतं, ते सगळं, ते मोरजीचं जेवण, ती मशीनची मेल, चहाचा कप, ती त्या थप्पीवर रिकामं करत होती. सुपरवायझर देवेश धावत आला आणि दारातच थबकला. त्यानं तिला अडवलं नाही. फोन काढून मालकाला लावला.

गौरेश आला तेव्हा ती गोण्यांवरून उतरून हात धूत होती. त्यानं आधी थप्पी बघितली. एवढी वर्षं तिनं त्याचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. तो आताही चढला नाही. पण ओठ पांढरे पडले होते. त्यानं विचारलं, ह्यात आणखी कोण होतं. ती म्हणाली, कोणी नाही. त्यानं बायकांकडे बघितलं. शेवंती मान वर न करता शेंगदाणे निवडत होती.

“पोलिसांना बोलावतो,” तो म्हणाला.

“बोलवा. मी थांबते. ते विचारतील, काय खराब केलं. मी नमुने देईन.”

त्यानं खिशातून काढलेला फोन परत ठेवला. मग म्हणाला की तिच्या वडिलांकडे बघून तो गप्प बसतोय, आणि तिनं आताच्या आता बाहेर पडावं, आणि ह्या राज्यात तिला कुणी नोकरी देणार नाही. ती पर्स घेऊन बाहेर पडली. फाटकावर संस्थेनं दिलेला मोठा फलक होता. हसणारं एक काळं मूल, खाली ‘प्रत्येक पाकीट, एक जीव’. पाऊस त्याच्यावरून ओघळत होता. सेजल तिथंच उभी राहून रडली, पण दुःखानं नाही. तिला कुणाला तरी मारायचं होतं आणि मारण्यासारखं जवळ कुणी नव्हतं.

ती थप्पी ट्रकांत भरून एका बंद खाणीच्या खड्ड्यात टाकली, असं नंतर कळलं. कंटेनर गेला नाही. बायकांना नवा माल येईपर्यंत घरी बसवलं. शेवंती पेडण्याला एका काजूच्या कारखान्यात जाऊ लागली, हे सेजलला अनंतकडून समजलं. ती तिला भेटायला एकदा सासोलीला गेली. शेवंतीनं तिला बसायला पाट दिला, पाणी दिलं, आणि सून, नातू, पाऊस ह्यांच्याविषयी बोलली; कारखान्याविषयी एक शब्द नाही. निघताना सेजल माफी मागायला लागली तेव्हा शेवंती म्हणाली, माफी कसली मागतंस, तू बरोबर होतंस. आणि आत निघून गेली. बरोबर असण्याचं इतकं ओझं सेजलला आधी कधी वाटलं नव्हतं.

गणपती येऊन गेले. मग संस्थेची माणसं आली, तिच्या मेलनंतर बऱ्याच दिवसांनी. पणजीच्या एका हॉटेलात त्यांनी तिला बोलावलं. स्वच्छ पांढरे शर्ट, टेबलावर बाटलीबंद पाणी आणि बिस्किटं. त्यांनी तिचे आभार मानले. मग विचारलं की माल नष्ट करण्यापूर्वी तिनं ठरलेली तक्रार पद्धत पूर्ण वापरली होती का. ती म्हणाली, वापरली, तुमच्या मशीननं उत्तर दिलं. एकानं ते लिहून घेतलं. शेवटी त्यांनी सांगितलं की कारखान्याला समज दिली आहे, आता तिथं त्यांचा माणूस कायम बसेल. पण ऑर्डर काढून घेता येत नाही, कारण अशी पाकिटं बनवणारे कारखाने थोडेच आहेत आणि गरज मोठी आहे. तिच्या नोकरीविषयी ते काही करू शकत नव्हते. सेजलनं विचारलं, गौरेशला काय झालं. समज दिली आहे, ते पुन्हा म्हणाले.

तिनं आमनाला सगळं लिहिलं. कंटेनर का आला नाही ते आमनाला आपल्याकडूनच कळायला हवं, असं सेजलला वाटलं. उत्तर आलं नाही. कितीतरी दिवस रोज सकाळी ती फोन उघडून बघायची. मग एका दुपारी आवाजातला संदेश आला. मागं वाऱ्याचा आवाज होता आणि बायकांचा गलका. आमना थकलेल्या आवाजात सावकाश बोलत होती.

“तू पाठवलं नाहीस ते बरं केलंस. मला कळतं. पण आमच्याकडे पाकिटं संपली होती. आम्ही एकाचं दोघांना दिलं, मग तिघांना. मी तुला थँक्यू म्हणायला बसले होते, जमलं नाही, म्हणून इतके दिवस गेले. तीन मुलं माझ्या तंबूत गेली. इतर तंबूतलं मला माहीत नाही. त्यांची नावं सांगते. तू ठेवू नकोस ती. ज्यानं ताडपत्री बदलली नाही, त्याला दे.”

आणि तिनं वयासकट तीन नावं सांगितली.

सेजल दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेली. नवा माल येऊन काम सुरू झालं होतं. वॉचमन शंभूनं तिला अडवायला हवं होतं, पण तो तिच्या तोंडाकडे बघून बाजूला झाला. निवडणीच्या दालनात बायका टेबलाला होत्या, शेवंती परत आलेली होती, आणि गौरेश संस्थेच्या नव्या माणसाला यंत्रं दाखवत होता.

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिनं सर म्हटलं नाही.

“नफीसा,” ती म्हणाली. “इद्रिस. हावा.”

गौरेशनं विचारलं, कोण ही माणसं, आणि ती आत कशी आली.

“तुझ्या पाकिटाची वाट बघत होती. इद्रिस दीड वर्षाचा होता. तू म्हणालास ना, तिथं कोण विचारतंय. मी विचारते. ताडपत्री का बदलली नाहीस?”

संस्थेचा माणूस, त्याला मराठी येत नव्हतं, एकदा हिच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत होता. गौरेश म्हणाला की हिचं डोकं फिरलंय. तो देवेशला हाक मारू लागला. देवेश आला, पण तिच्यापासून दोन हात लांबच उभा राहिला. सेजलनं तोच प्रश्न इंग्रजीत विचारला, मग कोकणीत विचारला. गौरेशनं कुठल्याच भाषेत उत्तर दिलं नाही. थोड्या वेळानं तो वळला आणि केबिनमध्ये जाऊन त्यानं दार लावून घेतलं. संस्थेचा माणूस तिथंच उभा होता. त्यानं तिला हळूच इंग्रजीत विचारलं, ताडपत्री म्हणजे काय. तिनं सांगितलं. घाटापासून फिनेलपर्यंत सगळं सांगितलं. तो ऐकत होता. त्याचं पुढं काय झालं, तिला आजही माहीत नाही.

टेबलावरचे हात थांबले होते. शेवंती तिच्याकडे बघत होती.

“परत सांग नावां,” ती म्हणाली.

सेजलनं सांगितली. शेवंतीनं ती तशीच, अडखळत, आपल्या तोंडात घोळवून बघितली. शेजारच्या बायांनीही म्हटली. तेवढं झाल्यावर ती टेबलाकडे वळली आणि रागानंच म्हणाली, “आता हय उबी रवू नको, बाय. आमका काम करूक दी. थय अजून पोरां आसत.”

बायकांनी शेंगदाणे पुढं ओढले. एक काळा पडलेला दाणा शेवंतीनं उचलला, बोटांत फिरवून बघितला आणि जोरात टाकाऊ मालाच्या डब्यात फेकला.